जिथे अनुभव पोचत नाही, तिथली व्याख्या

मेल्याचा अनुभव सांगायला कोणी परत आलेलं नाही. तरी नाशिक महापालिकेच्या खिडकीवरून मृत्यूचे दाखले निघतच असतात. नाव, वय, तारीख, ठिकाण असे रकाने भरले जातात, शिक्का बसतो, आणि त्या एका कागदावर बँकेतलं खातं बंद होतं, विम्याचे पैसे सुटतात, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. ज्याचा अनुभव खिडकीच्या अलीकडच्यालाही नाही आणि पलीकडच्यालाही नाही, त्यावर एवढा व्यवहार बिनबोभाट चालतो.

तो चालतो, कारण कायद्याने मृत्यूची व्याख्या करून ठेवली आहे. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो की, जिवंत जन्म झाल्यानंतर केव्हाही जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं म्हणजे मृत्यू. मृत्यू कसा असतो याबद्दल यात अवाक्षर नाही. बोलणं सगळं जिवंतपणाच्या खुणांबद्दल आहे, आणि शेवटी एक नकार जोडला आहे. १८६०ची दंड संहिता याहून धूर्त निघाली. तिच्या ४६व्या कलमानुसार ‘मृत्यू’ म्हणजे, संदर्भावरून वेगळं दिसत नसेल तर, माणसाचा मृत्यू! दीडशे वर्षांहून अधिक काळ न्यायालयांनी याच व्याख्येवर खुनाचे खटले चालवले आणि २०२३च्या न्याय संहितेनेही ती जवळपास तशीच पुढे घेतली.

त्याच शहरात रामकुंडावर याच विषयाची दुसरी खिडकी आहे. दहाव्याला पिंड मांडला जातो आणि मंडळी कावळ्याची वाट बघत उभी राहतात. कावळा शिवला, तर गेलेल्याचा जीव सुटला. नाही शिवला, तर कुजबुज सुरू होते. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, “धाकटीचं लग्न आम्ही नीट करून देऊ, काळजी करू नका.” तरीही कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा होतो. म्हणजे इथेही खूण ठरलेली आहे, पण ती चुकायला जागा ठेवलेली नाही. धाकटीच्या लग्नाचं वचन मात्र चारचौघांत दिलेलं असतं आणि बऱ्याच घरांत ते पाळलंही जातं, म्हणून या विधीला हसण्याचं कारण नाही. फक्त, चुकू शकणारी खूण आणि कधीच न चुकणारी खूण यांतला हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याच्यावर बरंच काही उभं राहणार आहे.

माणसाच्या अनुभवाच्या पल्याड असलेल्या कल्पनांची अर्थपूर्ण व्याख्या करता येते का, हा या पुस्तकाचा विषय आहे. मृत्यू, अनंत, ब्रह्म, निर्वाण, दुसऱ्याच्या मनातली जाणीव, अशी ही यादी आहे. ती वाचून विषय हिमालयातल्या गुहेतला वाटेल, पण त्याचे धागे नाशिक आणि आसपासच्या मुलखात जितके दाट सापडतात तितके क्वचितच कुठे सापडतील.

आधी मृत्यूचं पुरं करू. व्हेंटिलेटर आल्यावर १९६९ची व्याख्या अडचणीत आली. छाती वरखाली होते आहे, नाडी लागते आहे, अंग गरम आहे, मग ‘सर्व खुणा नाहीशा’ म्हणायच्या कशा? १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने नवी व्याख्या आणली. मेंदूच्या तळाशी असलेल्या ब्रेन-स्टेमचं सगळं काम कायमचं आणि परत न येण्याजोगं थांबलं, तर तो मृत्यू. फेब्रुवारी १९९५मध्ये कायदा अमलात आला, तेव्हा तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टरांनी सही करायची आणि तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या. डोळ्यांवर प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, व्हेंटिलेटरपासून सोडवल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही शरीर स्वतःहून श्वास घेतं का? यांतल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी ‘हो’ आलं, तरी दाखला मिळत नाही.

ही व्याख्या किती धारदार आहे, ते अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात दिसलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतरची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या तिथेच एका खाटेवर होत्या. त्यांना काय जाणवत होतं, काही जाणवत होतं का, हे बाहेरून कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. त्यांना अन्न देणं थांबवावं, अशी याचिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. तीन डॉक्टरांनी तपासून अहवाल दिला आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. त्या स्वतः श्वास घेतात, उद्दीपनाला प्रतिसाद देतात, तेव्हा त्या ‘ब्रेन डेड’ नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं आणि याचिका फेटाळली. पाळीपाळीने शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचाही याचिकेला ठाम विरोध होता. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेल्या. त्यांच्या आतलं जग न्यायालयाला दिसलं नाही, दिसणं शक्यच नव्हतं. पण कोणत्या बाजूला निर्णय द्यायचा, हे व्याख्येमुळे सांगता आलं.

आता अनुभवापलीकडच्या अशा व्याख्यांना कडाडून आक्षेप घेणारी मंडळी आहेत, आणि ती हलकी नव्हेत. १७४८मध्ये डेव्हिड ह्यूमने फर्मावलं की ज्या पुस्तकात ना संख्यांबद्दलचा युक्तिवाद आहे ना अनुभवावर आधारलेला, ते खुशाल जाळावं. १९३६मध्ये पंचविशीतल्या ए. जे. एअरने त्या फर्मानाचा नियम केला. जे विधान पडताळता येत नाही ते खोटं नव्हे, निरर्थकच. आपल्याकडे विदर्भात तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये ‘नवा सुधारक’ हे मासिक काढलं. पुढे त्याचं नाव ‘आजचा सुधारक’ झालं. ‘तुमच्या या वाक्याचा नेमका अर्थ काय?’ हा प्रश्न त्यांनी भल्याभल्या मराठी विचारवंतांना विचारून घाम फोडला. एअरच्या नियमातली गोम मात्र लवकरच उघडी पडली. तो नियम स्वतःच पडताळता येत नाही. अनुभवाला इतकं घट्ट धरलं की हातात स्वतःचा नियमही राहत नाही.

मग सुटका कुठे? प्रस्तुत लेखकाच्या मते देवळालीत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांना मिळालं, आणि पुढे १९६२पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. मोठे गणिती त्यांचं काम करमणुकीत जमा करत. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग आपल्याकडेही माना वळल्या. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. ३५२४ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पावलांत इथे येऊन थांबते.

पण आपल्या कामाचा आहे तो त्यांचा दुसरा शोध. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १५मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात. म्हणून १५ हा २१चा जनक. १०१ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आणि काही संख्यांना जनकच नाही. २० घ्या. १४पासून १९ मिळतात, १५पासून एकदम २१. २० मधल्यामध्ये सुटतात. अशा बिनजनकाच्या संख्या कापरेकरांनी १९४९मध्ये मांडल्या. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांना ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशी ही रांग सुरू होते आणि थोडं पुढे गेलं की तिच्यात चक्क १०८ येतात. जपमाळेवाल्यांनी याचा अजून गवगवा कसा केला नाही, हे नवल आहे.

या संख्यांची व्याख्या नीट पाहावी. तीही नकारानेच केलेली आहे: जिला जनक नाही ती. शिवाय या संख्या अनंत आहेत. ९पासून निघायचं, पुढच्या पावलाला ८० आणि ८ मिळवायचे की ९७, मग ८०० आणि ८ मिळवायचे की पुढची, मग ८००० आणि ८. प्रत्येक पावलाला देवळाली संख्याच हाती येते आणि पावलं संपत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. अनंताचा अनुभव देवळालीत कोणाला आलेला नाही, इतरत्रही नाही. एका माणसाचं आयुष्य, कागद, शाई, सगळं मोजकं. तरीही ‘देवळाली संख्या अनंत आहेत’ हे वाक्य ‘आज गोदेला पाणी आहे’ या वाक्याइतकंच पक्कं आहे, खरं तर जास्तच. कारण व्याख्येने वस्तू दाखवायचा प्रयत्न केलेला नाही. समोर येईल त्या प्रत्येक संख्येला काय विचारायचं, एवढंच तिने सांगितलं, आणि उत्तर ‘नाही’ येऊ शकतं याची सोय ठेवली. २१ या संख्येला या रांगेत कितीही प्रेमाने बसवा, ती बसत नाही.

गेऑर्ग कँटरने १८७४मध्ये याच रीतीने पुढे जाऊन दाखवलं की अनंत एकाच मापाचं नसतं. १, २, ३ असे मोजत जाण्याच्या अनंताहून रेषेवरच्या बिंदूंचं अनंत मोठं आहे. त्याच्या काळच्या काही जर्मन गणितींना हे पचलं नाही.

अनंताला हात घालणारे आपले पूर्वज मात्र नेहमीच इतके सावध होते असं नाही. नाशिक रोडहून मनमाडमार्गे चाळीसगावला जाता येतं, आणि तिथून जवळ पाटणादेवीचं रान आहे. तिथल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ स्थापन झाला. (हा चांगदेव वेगळा; वाघावर बसून आलेला चांगदेव वेगळा. नावाच्या या घोटाळ्याने अनेकांना चकवलं आहे.) हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५०चा. संख्येला शून्याने भागलं तर काय येतं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर ‘खहर’. त्यात काही मिळवा, काही वजा करा, ते बदलत नाही. हे पटवण्यासाठी ते थेट अच्युताकडे वळतात: प्रलयात सगळे जीव त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, त्याच्यात काही फरक पडत नाही. एरवी लोक देव समजावायला गणित आणतात. इथे गणित समजावायला देव आणला आहे. ‘लीलावती’त ते एक उदाहरणही घालतात. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं आणि ६३ आले. तर ती संख्या कोणती? उत्तर १४. शून्याचा गुणाकार आणि भागाकार एकमेकांना खोडतात असं धरलं, तर हिशेब जुळतो. पण हीच सवलत सगळीकडे दिली, तर कोणत्याही संख्येला शून्याने गुणल्यावर शून्यच येत असल्यामुळे ५ आणि ७ही एकच ठरतील. काही अभ्यासकांना या उदाहरणात पुढच्या काळातल्या सीमेच्या कल्पनेची चाहूल दिसते. असेलही. आजचं गणित मात्र शून्याने भागण्याला उत्तरच देत नाही. तिथे व्याख्या केलेली नाही, असं सांगून मोकळं होतं. शून्याच्या भागाकाराला उत्तर द्यायला नकार देणं, हा गणिताने उशिरा शिकलेला शहाणपणा आहे.

मराठीत हा शहाणपणा तेराव्या शतकातच आला होता, आणि त्याचा उगम त्र्यंबकेश्वराकडे दाखवला जातो. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पांगापांग झाली, आणि थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकला आहे. पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते आणि आषाढीसाठी त्यांची पालखी तिथूनच पंढरपूरला निघते. ज्ञानदेवांनी धाकटा भाऊ आणि शिष्य म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून ‘अमृतानुभव’ रचला, असं मानतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांपुढे ह्याच्या जेमतेम आठशे ओव्या, दहा प्रकरणं. ज्ञानेश्वरी घरोघरी असते. अमृतानुभव फारसा कोणी उघडत नाही, हे आपलं दुर्दैव.

त्याचं पाचवं प्रकरण थेट आपल्या विषयावर आहे. ब्रह्माला सत्, चित्, आनंद ही तीन विशेषणं लावायची रीत फार जुनी. ज्ञानदेव विचारतात की ही विशेषणं नेमकं काय करतात? आणि उत्तर देतात की ती फक्त वारतात: सत् म्हटलं म्हणजे असत् नाही, चित् म्हटलं म्हणजे जड नाही, आनंद म्हटलं म्हणजे दुःख नाही. वारण्याचं काम झालं की शब्दही माघारी फिरतो. वस्तूला तो शिवतच नाही. सहाव्या प्रकरणात ते शब्दाचीच झडती घेतात. शब्दाचा मोठा उपकार म्हणजे विसरलेल्याची आठवण करून देणं. पण जे कधी विसरलंच गेलेलं नाही, तिथे शब्द काय आठवण देणार? पुढे अज्ञान, मग ज्ञान, अशी खंडनं चालूच राहतात. तर्काचा हा कडकपणा पाहून एअरही चपापला असता. फरक इतकाच की, एअर जिथे ‘निरर्थक’ म्हणून दार लावतो, तिथे ज्ञानदेव शब्दाचं काम कुठे संपलं तेवढं सांगतात आणि दार उघडं ठेवतात.

शब्द अडतात तिथली एक गोष्ट परंपरेतही आहे. वाघावर बसून आलेल्या त्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, कारण वयाने लहान आणि अधिकाराने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हेच ठरेना. मुक्ताबाई म्हणाली म्हणे, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र उत्तर लिहायला सांगितलं आणि पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ झाली.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, याच प्रश्नाचं आणखी जुनं उत्तर दगडात आहे. अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहात पूजेला बुद्धाची मूर्ती नाही, स्तूप आहे. निर्वाणानंतर तथागत असतो की नसतो, असं विचारणाऱ्या वच्छगोत्ताला बुद्धाने उलट विचारलं होतं: विझलेली आग पूर्वेला गेली की पश्चिमेला? काही प्रश्नांना उत्तर नसतं, कारण प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. मूर्ती नंतरच्या काळात आल्या.

या सगळ्यातून ‘अनुभवापलीकडचं काहीही म्हणा, चालतं’ असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. नाशिकमध्येच काय, कोणत्याही शहरात आज ‘ऊर्जा’, ‘कंपनं’, ‘पॉझिटिव्ह व्हायब्रेशन’, ‘क्वांटम उपचार’ असे फलक दिसतात. घरात ‘नकारात्मक ऊर्जा’ आहे म्हणतात. ती नाही हे कशावरून कळेल, असं विचारून पाहावं. गुण आला तर उपचाराने, नाही आला तर श्रद्धा कमी पडली. दर्भाचा कावळा इथेही हजर असतो. पण रामकुंडावर तो शोक करणाऱ्यांची सुटका करतो, इथे तो पावती फाडतो. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

एक जागा मात्र अशी उरते, जिथे देवळालीची कसोटीही पुरत नाही. थॉमस नेगेल यांनी १९७४च्या निबंधात विचारलं की वटवाघूळ असणं हे वटवाघळाला कसं वाटत असेल? त्याचा आवाज वीस हजार हर्ट्झच्या वर जातो, आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, पण यंत्राने मोजता येतो. आवाज मोजला, मेंदूचा नकाशा काढला, तरी त्याला काय वाटतं, हे त्यात येत नाही. अरुणा शानबाग यांच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरांपुढे हाच प्रश्न होता, आणि कायद्याची व्याख्या त्याला बगल देऊन गेली म्हणूनच कामाची ठरली. या प्रश्नाचा निकाल पुढच्या पानांत लागेल अशी आशा वाचकाने धरू नये. लेखकांची मतं इथे एकमेकांना छेद देतात, आणि तेच बरं आहे.

पुस्तक कुठूनही वाचायला हरकत नाही. ज्यांना अमृतानुभव नवा आहे त्यांनी पाचवं प्रकरण आधी वाचावं, पहिल्या प्रकरणात अडकून पडू नये. आणि ज्यांचा अनंतावर अजून विश्वास बसत नाही, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ९पासून निघालेल्या त्या पावलांत ९७ नंतर येणारी संख्या, म्हणजे ९०५, तपासावी. जनक असलाच तर तो ८७९ ते ९०४ या सव्वीस संख्यांतच असू शकतो. ८८४पासून ९०४ मिळतात, ८८५पासून ९०६.